ताठ बाजूने नमावे : लाकडी धनुष्याचा पहिला धडा

शास्त्रभाग : २ राजे १३:१४–१७, होशेय ७:१६, रोमकरांस पत्र १५:१, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१३–१४



आमच्या वसतिगृहातील मुले धनुष्य बनवायला शिकत आहेत, हे कळल्यावर दोन-तीन मंडळ्यांतून एकच प्रश्न आला. आपण मुलांच्या हाती पुस्तक द्यायचे की शस्त्र? प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे आणि आपल्या देणगीचा विनियोग कसा होतो हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. म्हणून या अंकातील अभ्यासपाठ धनुष्यावरच घेतला आहे. पहिले लाकडी धनुष्य हाताने कसे बनवतात ते आधी नीट समजून घेऊ आणि मग त्या कामाने आम्हा शिकवणाऱ्यांना काय शिकवले ते पाहू. तरुण संघाला किंवा रविवारच्या शाळेतील मोठ्या मुलांना हा पाठ दोन बैठकांत घेता येईल.

१. धनुष्य कोणाचे?

यवतमाळ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना युनियन बिब्लिकल सेमिनरीमुळे माहीत आहे. ती १९५३ साली येथे सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. पण याच जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलाम बांधवांच्या लहान लहान वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांची कोलामी भाषा तेलुगू आणि गोंडीप्रमाणे द्राविडी कुटुंबातील आहे. तेलुगूत धनुष्याला ‘विल्लू’ म्हणतात. याच द्राविडी शब्दावरून ‘भिल्ल’ हे नाव आले असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे धनुष्य हे आपल्या आदिवासी बांधवांकडे बाहेरून आलेले खेळणे नाही. काहींच्या तर नावातच ते आहे.

कोलाम लोक बांबूच्या कामात तरबेज. टोपली, सूप, ताटवा ते असे विणतात की आपण पाहत राहावे. बांबू कोठे चिरायचा, किती शेकला म्हणजे वाकतो, कोणत्या क्षणी तो तुटेल, हे त्यांच्या बोटांना कळते.

मग धनुष्य गेले कोठे? जंगल राखीव झाले, फिरती शेती बंद झाली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार हा गुन्हा ठरला. कायदा योग्यच आहे. जंगलातील जीव वाचायलाच हवेत. पण त्याबरोबर धनुष्य बनवणारा हातही थांबला. आम्ही ज्या पोडावर जातो तेथे एका घरात ते आढ्याला टांगलेले होते, दोरी तुटलेली. मुलांना ते ‘आबाजीचे’ आहे एवढेच माहीत होते.

त्याच १९७२ साली म्युनिक येथे धनुर्विद्या पन्नासहून अधिक वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परत आली. आणि त्याच वर्षी राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील एका आदिवासी घरात लिंबाराम यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांच्या हातात बांबूचे धनुष्य होते. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्यांना निवडले आणि पुढे १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ते भारतासाठी खेळले. एका दाराने बाहेर गेलेले धनुष्य दुसऱ्या दाराने असे आत आले. पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर येथेच मिळते. आमच्या मुलांच्या बाणासमोर कोणताही जीव नसतो. असते ते तणसाचे पोते आणि त्यामागे मातीचा बांध.

२. रिकर्व्ह म्हणजे काय?

पोडावरचे धनुष्य सरळ असते. दोरी चढवली की त्याचा साधा अर्धचंद्र होतो. ऑलिंपिकमधील वैयक्तिक स्पर्धा ज्या धनुष्याने होते त्याला रिकर्व्ह म्हणतात. त्याची दोन्ही टोके नेमबाजापासून दूर, पुढच्या दिशेला वळलेली असतात. दोरी चढवताना ही टोके मागे खेचली जातात, त्यामुळे बाण ओढायला सुरुवात करण्यापूर्वीच धनुष्यात बराच ताण साठतो. तेवढ्याच ओढीत बाण अधिक वेगाने जातो. मध्य आशियातील घोडेस्वारांनी शिंग, लाकूड आणि कंडरांचे तंतू चिकटवून अशी धनुष्ये फार पूर्वी बनवली. आजची धातू आणि कार्बनची असतात आणि त्यांची किंमत गरीब घराला झेपत नाही.

मग पहिले धनुष्य एकाच लाकडाचे करून त्याची टोके थोडी वळवता येतील का? आम्ही हा प्रश्न पोडावरच्या आबाजींना विचारला. त्यांनी रिकर्व्ह हा शब्द कधी ऐकला नव्हता. चित्र पाहिले, बोट टोकावर ठेवले आणि म्हणाले, “हे तं शेकूनच वाकवलं हाये ना?” ज्या गोष्टीसाठी आम्ही पुस्तक शोधत होतो ती त्यांना रोजच्या बांबूकामातून ठाऊक होती.

येथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या नोंदवहीत आबाजींचे नाव होते, ते हिवाळ्यात ब्लँकेट द्यायच्या यादीत. कित्येक वर्षे आम्ही त्यांना काहीतरी द्यायला जात होतो. त्यांच्याकडून घेण्यासारखे काही आहे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

३. लाकूड

आबाजींनी धामण निवडली. धामणीचे लाकूड लवचिक आणि चिवट. कावडीचे दांडे, अवजारांचे दांडे तिचे करतात. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष असेही नाव आहे. लाकूड जंगलातून चोरून आणायचे नाही, हा पहिला नियम. आम्ही शेताच्या बांधावरचे, मालकाला विचारून आणि तोडण्यास परवानगी लागते का याची वनरक्षकाकडे चौकशी करून घेतले.

खोड मनगटापेक्षा थोडे जाड, सुमारे साडेपाच फूट, सरळ. त्यात गाठ नको आणि पीळ नको. पीळ ओळखायचा तर सालीवरील भेगा पाहाव्यात. त्या खोडाभोवती वळत गेल्या असतील तर आतले तंतूही तसेच वळलेले असतात. खोड हिवाळ्यात तोडावे. पाचर ठोकून मधोमध चिरावे. करवतीने कापल्यास तंतू तुटतात, चिरल्यास लाकूड स्वतःच्या तंतूंनुसार उघडते.

मग साल हळूच काढावी आणि दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावावा, म्हणजे टोकांतून पाणी लवकर उडून भेगा पडत नाहीत. लाकूड सावलीत, कवेलूच्या छपराखाली आडवे ठेवावे. उन्हात कधीच ठेवू नये. वाळायला चार ते सहा महिने लागतात. वाळले हे कसे कळावे? दर आठवड्याला किराणा दुकानातील काट्यावर वजन करून भिंतीवर लिहावे. सलग तीन-चार आठवडे वजन उतरले नाही, म्हणजे लाकूड तयार. मुलांना हे वजन लिहिणे फार आवडले. गणिताच्या तासाला न बसणारा मुलगाही काट्याजवळ हजर असे.

४. पाठ आणि पोट

धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. नेमबाजापासून दूरची बाजू म्हणजे पाठ, त्याच्याकडची बाजू म्हणजे पोट. धनुष्य वाकते तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. लाकडाचे तंतू पाठीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असले पाहिजेत. म्हणून सालीखालचा पहिला थर जसाच्या तसा ठेवायचा. पाठीला वाकस, कानस, काच काहीही लावायचे नाही. एक तंतू कापला गेला तर ताणाखाली तेथूनच चिपटी उठते आणि धनुष्य मोडते. जे काही लाकूड काढायचे ते पोटाकडून आणि कडांकडून.

५. मापे

ही मापे चोवीस इंच ओढ असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी आहेत. सुतारकामात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, तेच माप येथे धरले आहे.

— एकूण लांबी : ६० इंच.
— मूठ : मधोमध ४ इंच लांब, सव्वा इंच रुंद, दीड इंच जाड. मूठ वाकत नाही.
— मुठीपासून दोन्हीकडे २ इंचांचा उतार. हा उतार हळूहळू जावा, पायरी पडू नये.
— दोन्ही बाजू : निम्म्या लांबीपर्यंत दीड इंच रुंद. तेथून टोकाकडे निमुळत्या होत टोकाला अर्धा इंच.
— जाडी : मुठीजवळ सहा सूत, तेथून उतरत टोकाकडे तीन सूत.

हत्यारे साधी असतात. कुऱ्हाड, वाकस, रंधा, कानस, गोल कानस आणि शेवटी खरवडायला फुटलेल्या काचेचा तुकडा. काच धरताना हाताला जाड फडके गुंडाळावे. आधी दोन टोकांमध्ये दोरा ताणून कोळशाने मधली रेषा आखावी. सर्व मापे त्या रेषेपासून दोन्हीकडे घ्यावीत.

६. टोके वळवणे

शेवटचे सहा इंच पातेल्यातील उकळत्या पाण्यात पाऊण ते एक तास ठेवावेत, वर जमेल तेवढे झाकावे. जाड फळीचा तुकडा कापून वळणाचा साचा आधीच तयार ठेवावा. लाकूड पाण्यातून काढले की दहा-पंधरा सेकंदांत ते साच्यावर दाबून दोरीने आवळले पाहिजे, थंड झाले की ते ऐकत नाही. वळण पाठीच्या दिशेला असते, म्हणून वाकवताना पोटाकडची बाजू ताणली जाते. त्या बाजूला टिनाची पट्टी ठेवून आवळावे, म्हणजे चिपटी उठत नाही. रात्रभर साच्यातच राहू द्यावे. दुसऱ्या टोकालाही तोच साचा वापरावा, म्हणजे दोन्ही वळणे सारखी येतात.

लोभ करू नये. पहिल्या धनुष्याचे टोक सरळ रेषेच्या दीड-दोन इंच पुढे गेले तरी पुरे. वळण जितके जास्त तितके टोक पिळवटण्याचा धोका जास्त. वळवल्यानंतर एक आठवडा पुन्हा सावलीत वाळवावे. मग टोकापासून टोकापर्यंत दोरा धरावा. तो मुठीच्या मधून गेला पाहिजे. गेला नाही तर ते टोक पुन्हा उकळून सरळ करावे.

आता टोकापासून पाऊण इंचावर दोन्ही कडांना गोल कानशीने तिरप्या खाचा कराव्यात. पाठीवर खाच नेऊ नये. पोटाकडच्या वळणावर दोरी बसेल अशी उथळ पन्हळ करावी.

७. तोल काढणे

इथपर्यंतचे काम सुतारकाम आहे. धनुष्य खरे बनते ते यापुढे. याला टिलरिंग म्हणतात. आपण ‘तोल काढणे’ म्हणू. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत आणि प्रत्येक बाजूतही वाक एकाच ठिकाणी न येता सगळीकडे पसरला पाहिजे.

धनुष्याची मूठ भिंतीवरील मजबूत खुंटीवर ठेवावी, पाठ वरच्या दिशेला. सैल, लांब दोरी बांधून ती खाली ओढावी. मागच्या भिंतीवर खडूने आडव्या-उभ्या रेषा आखाव्यात, म्हणजे कोणती बाजू किती वाकते ते दिसते. एकाने ओढावे, दुसऱ्याने लांब उभे राहून पाहावे. जेथे लाकूड वाकत नाही तेथे पेन्सिलीने खूण करून काचेने पाच-सहा वेळा खरवडावे. मग वीस-तीस वेळा हलके ओढावे, कारण खरवडल्याचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. मग पुन्हा पाहावे. चूक दिसली की तिच्यापुढे ओढू नये. दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवून ठेवावा आणि ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त कधीच ओढू नये. मुलांसाठी हे वजन पंचवीस पौंड, म्हणजे सुमारे अकरा किलो. टोके चार-पाच इंच सारखी वाकू लागली की आखूड दोरी चढवावी. सुरुवातीला मूठ आणि दोरी यांत तीन इंच अंतर, पुढे सहा इंच. ओढ एकेक इंच वाढवत चोवीसपर्यंत न्यावी.

या पायरीवर आमच्या आठवीतल्या एका मुलाचे धनुष्य मोडले. ते कसे मोडले ते सांगतो, कारण हाच या पाठाचा गाभा आहे.

त्याच्या धनुष्याची वरची बाजू थोडी जास्त वाकत होती, खालची ताठ होती. मुलगा प्रामाणिक आणि न्यायी. त्याने ठरवले की दोघांवर अन्याय नको. वरच्या बाजूला दहा वेळा काच, खालच्या बाजूलाही दहा वेळा काच. अगदी मोजून. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू पातळ झाल्या, पण फरक कमी होण्याऐवजी वाढला. आबाजी ओट्यावर बसून पाहत होते. ते म्हणाले, “बाबू, थ्या बाजूले हात नोको लावू. ते आधीच दमली हाये.” मुलाने ऐकले, पण त्याला पटले नाही. आबाजी गेल्यावर त्याने आणखी एकदा दोन्हीकडे सारखेच खरवडले आणि ओढून पाहिले. वरची बाजू मधोमध कडकन मोडली. पाच महिने वाळवलेले लाकूड होते ते.

दुसऱ्या दिवशी आबाजी आले. रागावले नाहीत. दुसरे लाकूड त्याच्या हाती दिले, त्याच्यामागे बसले, त्याच्या हातांवर आपले हात ठेवले आणि ताठ बाजूवर काच फिरवू लागले. आमच्यापैकी एकाला तेव्हा अलीशाची आठवण झाली. मरणपंथास लागलेल्या संदेष्ट्याने इस्राएलच्या राजाला धनुष्य धरायला सांगितले आणि त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. तो भाग २ राजे १३ मध्ये आहे, तो वर्गात मोठ्याने वाचावा.

तोल काढण्याचा नियम एवढाच आहे. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, म्हणून दुबळ्या बाजूला बळ देता येत नाही. तिला फक्त हात लावायचा नाही आणि जे काढायचे ते ताठ बाजूचे काढायचे. ताठ बाजू नमते तेव्हाच दोन्ही सारख्या होतात. पूर्ण धनुष्याचे बळ त्यात थोडे कमी होते, हे खरे. तीस पौंडांचे होणारे धनुष्य पंचवीसचे होते. पण ते मोडत नाही आणि बाण सरळ जातो.

८. दोरी आणि शेवटचा हात

जुन्या पद्धतीत दोरी बांबूच्या चिवट सालीची किंवा अंबाडीच्या वाकाची असे. मुलांच्या धनुष्याला आम्ही डॅक्रॉनच्या बारा पदरांची दोरी लावतो, कारण दोरी अचानक तुटली तर धनुष्यही मोडू शकते. दोरीला मेण चोळावे. लाकडाला पॉलिश पेपर मारून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. मोराचे पीस बाणाला लावू नये, कोंबडीचे पीस चालते.

तीन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत. बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडायची नाही, त्याने धनुष्य फुटते. ओढलेले धनुष्य कोणत्याही माणसाकडे किंवा प्राण्याकडे वळवायचे नाही. नेम संपला की दोरी उतरवून ठेवायची, म्हणजे लाकडाला विसावा मिळतो.

९. शास्त्र काय सांगते?

होशेय ७:१६ आणि स्तोत्र ७८:५७ या दोन्ही ठिकाणी देवापासून फिरलेल्या लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. मी कित्येक वर्षे हे वाचले, पण धनुष्य फसवे कसे असते ते कळले नव्हते. आता कळते. त्याचा तोल गेलेला असतो. दिसायला सुंदर, ओढायला जोरदार, पण एक बाजू ताठ आणि एक दमलेली. नेम बरोबर असला तरी बाण भलतीकडे जातो.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या सेवाकार्याचा तोल आम्ही या कसोटीवर पाहिला तेव्हा मान खाली गेली. पोडावरचे लेकरू पहिलीत येते तेव्हा त्याला कोलामी येते, मराठी जेमतेम समजते. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाची मायबोलीच मराठी. आम्ही म्हणत आलो, आमच्याकडे भेदभाव नाही. सगळ्यांना तेच पुस्तक, तोच वेग, तीच परीक्षा, तीच शिक्षा. दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा काच. मोजून. आणि लेकरू शाळा सोडून घरी गेले की आम्ही अहवालात लिहीत होतो की पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही.

पौल रोमकरांस १५:१ मध्ये सशक्तांनी दुर्बळांचा भार वाहावा असे सांगतो. करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो समानतेविषयी लिहितो. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी, ही त्याची समानता. सर्वांना सारखेच वागवले म्हणजे समानता झाली, असे तो म्हणत नाही. समानता कोठे पाहायची? वाक सारखा आला का, यात. आणि आपला प्रभू? तो धनवान असता आपल्यासाठी दरिद्री झाला, हे त्याच अध्यायात नवव्या वचनात आहे. स्वर्गाच्या बाजूने नमते घेतले, म्हणून आपण मोडलो नाही.

म्हणून यंदा आम्ही तीन गोष्टी बदलल्या. वसतिगृहातील प्रत्येक कार्यकर्ता कोलामी शिकतो आहे. आमचे उच्चार ऐकून मुले हसतात, ते हसणे आम्हाला गोड लागते. पहिलीच्या मुलांशी पहिले काही महिने त्यांच्याच भाषेत बोलायला पोडावरची एक ताई येते. आणि आबाजींचे नाव ब्लँकेटच्या यादीतून काढून शिक्षकांच्या हजेरीपटावर घातले आहे. त्यांना महिन्याचे मानधन मिळते. थंडी पडली तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशाने ब्लँकेट घेतले आणि वसतिगृहात आणून आम्हाला दाखवले.

ज्याचे धनुष्य मोडले होते त्या मुलाने दुसरे पूर्ण केले आहे. काट्यावर ते तेवीस पौंड भरते. खालच्या टोकाचे वळण किंचित कमी आहे, पण बाण सरळ जातो. तो आता लहान मुलांना तोल काढायला शिकवतो. परवा एक मुलगा दमलेल्या बाजूवर काच टेकवणार, तोच त्याने त्याचा हात धरला. शब्द आबाजींचेच होते.

पुस्तक की शस्त्र, असे आपण विचारले होते. धनुष्य हे त्या मुलाच्या आजोबांचे पुस्तक आहे. ते आम्हाला वाचता येत नव्हते, एवढेच.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत, घरात किंवा कामाच्या ठिकाणी दमलेली बाजू कोणती आणि ताठ बाजू कोणती? आपण स्वतः कोणत्या बाजूला आहोत?
२. सर्वांना सारखे वागवूनही अन्याय कसा होऊ शकतो? आपल्या अनुभवातील एक उदाहरण सांगा.
३. २ राजे १३ मधील अलीशाचे हात आणि राजाचे हात यांचा विचार करा. आपल्या मंडळीतील कोणत्या वृद्ध व्यक्तीची कला किंवा ज्ञान तिच्याबरोबर संपणार आहे? तिच्याकडून शिकायला कोण बसेल?
४. ज्यांना आपण मदत देतो त्यांच्याकडून आपण शेवटचे काय शिकलो?

प्रार्थनेचे विषय

— आबाजींच्या प्रकृतीसाठी. दृष्टी कमी होत आहे आणि धामणीची पारख अजून कोणालाही पूर्ण आलेली नाही.
— पहिलीत आलेल्या कोलाम लेकरांसाठी, की ती दिवाळीनंतरही शाळेत परत यावीत.
— वनरक्षक आणि पोडावरील लोक यांच्यात विश्वास वाढावा म्हणून.
— आम्हा कार्यकर्त्यांसाठी, की काच कोणत्या बाजूला लावायची हे प्रभूने आम्हाला दाखवावे आणि घाईपासून राखावे.

ज्या मंडळ्यांनी महागडी धनुष्ये विकत घेऊन देण्याची तयारी दाखवली त्यांचे मनापासून आभार. त्यांची गरज एक दिवस नक्की लागेल. आज मात्र आपली देणगी आबाजींच्या आणि ताईंच्या मानधनासाठी वापरू द्यावी, ही नम्र विनंती.

प्रभूच्या सेवेत आपले,
वसतिगृहातील कार्यकर्ते, यवतमाळ जिल्हा